चार आठवड्यांसाठी परदेशी जाऊन शिकवावं, घर बांधावं का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी नागपूरची, मानेवाड्याला राहते. वय 25, बी.एस्सी. बी.एड., खासगी शाळेत गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीला थोडी रजा जोडून चार आठवडे नेपाळात, जाजरकोट जिल्ह्यात, स्वयंसेवक म्हणून जायचा विचार आहे. सकाळी शाळेत शिकवायचं आणि दुपारी भूकंपात घर गेलेल्या एका कुटुंबाचं घर बांधायला मदत करायची, असा कार्यक्रम आहे. प्रवासखर्च सोडून संस्था दीड लाख रुपये मागते. जावं का? जायचं तर तयारी काय करू?"

तुला 'तू' म्हणते, राग मानू नको. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. मी नागपुरातच सव्वीस वर्षं पॉलिटेक्निकच्या पोरापोरींना बांधकाम शिकवलं. 2016 ला नोकरी सोडली आणि तेव्हापासून 2019 पर्यंत चारदा नेपाळातल्या गोरखा जिल्ह्यात राहून आले. पहिल्यांदा तुझ्यासारखेच पैसे भरून, पुढच्या तीनदा आपल्या हिमतीवर. खाली लिहिलेल्यातलं बरंचसं आधी चुकून मग कळलेलं आहे.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघ. आपला दसरा तो त्यांचा दशैं, आपली दिवाळी तो त्यांचा तिहार. दशैं हा तिथला सगळ्यात मोठा सण. घटस्थापना झाली की लोक गावाकडे निघतात, आणि दशैं ते तिहार या महिनाभरात शाळा बहुतेक बंदच असतात. म्हणजे ज्या चार आठवड्यांत तुला सकाळी शिकवायचं आहे, त्यातल्या कितीतरी सकाळी वर्गाला कुलूप असणार. गवंडीसुद्धा त्या दिवसांत कपाळाला टीका लावून आपापल्या घरी. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुझ्याकडून दीड लाख घेणाऱ्यांना ठाऊक नसेल, किंवा असूनही त्यांनी सांगितलं नसेल. दोन्हींत जास्त वाईट काय ते तूच ठरव. शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होतं आणि मी होते तेव्हा आठवड्याची सुट्टी शनिवारी असायची, रविवारी शाळा भरायची. या शनिवारने एकदा फार मोठी आडकाठी केली होती. 25 एप्रिल 2015 ला दुपारी बाराच्या सुमारास 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला तो वार शनिवार होता. हजारो वर्गखोल्या पडल्या, पण त्यांत पोरं नव्हती. नाहीतर सुमारे नऊ हजार मृत्यूंचा तो आकडा कुठे गेला असता, याचा विचार करवत नाही.

आता दीड लाखाचा हिशेब. तू गणितवाली आहेस म्हणून मांडूनच दाखवते. भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी 1.60, हा दर ठरलेला आहे. म्हणजे दीड लाखाचे झाले 2,40,000 नेपाळी रुपये. 2015 च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने घर पडलेल्या कुटुंबाला घर उभं करायला किती दिले? तीन लाख, तेही तीन हप्त्यांत. आधी पन्नास हजार, जोतं तपासून झाल्यावर दीड लाख, भिंती वरच्या पट्ट्यापर्यंत आल्या की शेवटचे एक लाख. तुझी महिनाभराची फी त्या अख्ख्या घराच्या अनुदानाच्या ऐंशी टक्के आहे. मी होते तेव्हा आमच्या गावात चांगल्या डकर्मीचा रोज हजार-बाराशे होता. (डकर्मी म्हणजे गवंडी, सिकर्मी म्हणजे सुतार. हे दोन शब्द पाठ करून जा, पहिल्याच दिवशी लागतील.) आज रोज दीडपट झाला असं धर, तरी तुझ्या पैशांत डकर्मीचे सव्वाशेच्या वर दिवस येतात.

सगळे पैसे कुणीतरी खातो असं मी म्हणत नाही. राहणं, जेवण, विमा, तिथला समन्वयक, गाडी, यांना खर्च येतो. पण त्यातले घरासाठी किती, शाळेसाठी किती आणि कार्यालयासाठी किती, हे कागदावर माग. पहिल्या खेपेला मी मागितलं नव्हतं. परत येताना विमानतळावर आम्ही अकरा जणांनी मिळून आकडेमोड केली आणि नंतर काठमांडू सुटेपर्यंत कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

भिंतीचं सांगते. दगड-मातीचं घर आपल्याला परकं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना किल्लारीला काय झालं ते माझ्या पिढीला विसरता येत नाही. मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. माळवदाची घरं, हात-दोन हात जाड भिंती, बघणाऱ्याला वाटावं की तोफेनेही पडणार नाहीत. पण जाड भिंत म्हणजे दगडांचं एक तोंड बाहेरून, एक आतून आणि मधे कपऱ्या नि माती. जमीन हलली की दोन्ही तोंडं सुटतात, एक अंगणात पडतं, एक घरात, आणि वरून माळवदाची टनावारी माती. गोरख्यात हेच झालं. जाजरकोटला 3 नोव्हेंबर 2023 च्या रात्री हेच झालं, दीडशेहून जास्त माणसं गेली.

यावरचा उपाय जुना आहे आणि स्वस्तही. आपल्या भारतीय मानक 13828 मध्ये तो लिहिलेला आहे, आणि ते मानकही 1993 चंच. भिंतीत दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार जाणारा दगड घालायचा. कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंतवायचे. जोत्याला, खिडकीच्या खाली, दाराच्या वर आणि भिंतीच्या माथ्याला लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा सगळीकडून फिरवायचा. छप्पर हलकं ठेवायचं, तिथे जस्ता म्हणतात, आपण टिना. एवढंच. पण दीड फुटाच्या भिंतीला दीड फूट लांबीचा दगड शोधायला आणि घडवायला वेळ जातो. हौशी माणूस काय करतो, तर दोन आखूड दगड समोरासमोर ठेवून मोकळा होतो. बाहेरून बघितलं तर फरक कळत नाही.

आमच्या त्या अकरा जणांच्या गटाने पाच दिवसांत जेवढी भिंत रचली तेवढी दोन डकर्मी दीड दिवसात रचतात. गटात बँकेतले दोघे, एक दंतवैद्य, तीन कॉलेजची पोरं. एका संध्याकाळी सगळे हात धुवायला गेले तेव्हा डकर्मी दाइ आमच्या भिंतीपाशी उभा होता. त्याने एका आरपार दगडाला दोन्ही बाजूंनी हात लावला आणि नुसता हलवला. बाहेरचा हलला, आतला जागेवरच. दोन होते ते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामावर पोचलो तेव्हा भिंतीचा तेवढा तुकडा उतरवून दगड नीट लावून ठेवलेले होते. कुणी काही बोललं नाही. चहा मात्र वेळेवर आला. तो चहा अकरा जणांना तीनदा करून द्यायला घरच्या आमाचा (आईचा) अर्धा दिवस जायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्या गावांत 'पर्म' चालतो, आपल्या इर्जिकीसारखाच: आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. फुकट राबणारी अकरा परकी माणसं येऊन गेली की त्या आमाने कुणाचं देणं फेडायचं? म्हणून तिने शेवटच्या दिवशी कोंबडं कापलं, आणि आम्ही फोटो काढले.

ही झाली हौशी लोकांची गोष्ट. जाणकाराची ऐक, म्हणजे माझी.

विदर्भात बांधकाम शिकवणारा माणूस काळ्या मातीला भितो. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून पाया घ्यायचा तो मुरूम लागेपर्यंत. सव्वीस वर्षं मी फळ्यावर हेच लिहीत आले. 2017 च्या मे महिन्यात दुसऱ्यांदा गेले तेव्हा एका घराचा पाया खोदणं चालू होतं. डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, आणि पायरीची जी उभी कड असते तिला कान्ला म्हणतात. घराची जागा कान्ल्यापासून जेमतेम सहा फूट. डकर्मी म्हणाला, मिस, अडीच फूट पुरे. मी म्हटलं, कठीण लागलं नाही अजून, खोदा. भारतातून आलेली इंजिनियर, त्यात मास्तरीण; त्याने मान डोलावली आणि फावडं उचललं. दोन दिवसांत चार फुटांवर गेलो. त्या रात्री पाऊस झाला, आणि उजाडायला कान्ल्याचा आठ-नऊ हातांचा तुकडा खालच्या बारीत (म्हणजे कोरडवाहू शेतात), मक्याच्या कोवळ्या रोपांवर जाऊन बसलेला. बारी शेजाऱ्याची. तिची भरपाई घरमालकाने चार दिवस राबून केली, आणि घर चार फूट डोंगराकडे सरकवावं लागलं, म्हणजे पुढचं अंगण गेलं. सगळ्यांनी 'पानी पर्‍यो' म्हणून खापर पावसावर फोडलं. पाऊस निमित्त होता हे मला माहीत होतं, डकर्मीलाही माहीत होतं.

त्या दिवसापासून मी तिथे कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी 'इथे असं का करतात' हे विचारायला लागले. पहिल्या खेपेला तोंड बंद ठेवून डोळे उघडे ठेवले असते तर ते अंगण वाचलं असतं.

परक्या माणसांनी येऊन हातभार लावणं वाईटच, असा अर्थ काढू नको. आपल्याच वरोऱ्याला आनंदवनात पन्नाशीच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे तरुण येऊन राहिले आणि दवाखान्याचं बांधकाम करून गेले. ज्या काळात कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक उभे राहत नसत, त्या काळात ते तिथे जेवले, झोपले. त्या भिंतींपेक्षा ते राहणं मोठं होतं. ही संस्था काढणारा पियरे सेरेसोल हा स्विस माणूस स्वतः इंजिनियर. 1934 च्या जानेवारीत बिहार-नेपाळचा भूकंप झाला, तेव्हा तो बिहारात आला. एका महिन्याचा पाहुणा म्हणून नाही. पुढची दोन-तीन वर्षं येऊन-जाऊन गावं उभी करत राहिला. आणि 2006 साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर वयाच्या 82 व्या वर्षी लोणावळ्याजवळ मळवलीला हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या शंभर घरांच्या कामावर आले होते. असा माणूस हातात थापी धरतो तेव्हा भिंत किती सरळ येते हा प्रश्न नसतो, त्याच्यामुळे घरांकडे जगाचं लक्ष जातं आणि पैसा येतो. तुझ्या-माझ्याकडे यातलं काय आहे? नाव नाही, पैसा बेताचा. राहायचं ठरवलं तर वेळ आहे, आणि शिकवता येतं.

म्हणून शाळेकडे येते. इथे तुझी बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे.

लिपी आपलीच असल्यामुळे पहिल्या दिवशी फार हुरूप येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जिल्ह्याच्या गावी 'जिल्ला शिक्षा कार्यालय' ही पाटी दिसायची आणि मराठी माणूस दचकायचा: पोरांना शिक्षा करायला अख्खं ऑफिस! त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. घाम म्हणजे ऊन. पहिल्या आठवड्यात मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगत होते की उन्हात काम केलं की अंगाला घाम येतो, आणि पोट्टे बाकावर लोळून हसत होते. हिंदीतला पसीना वापरला असता तर काम भागलं असतं, कारण नेपाळीतही तोच शब्द आहे. पण मला वाटलं, देवनागरी म्हणजे आपलंच. ओळखीचं वाटणारं जास्त फसवतं, हे कान्ल्याच्या बाबतीतही तसंच झालं.

पहिल्या खेपेला चौथीच्या वर्गावर मी शरीराच्या अवयवांचं इंग्रजी गाणं घेतलं. दुसऱ्या ओळीपासून पोरं माझ्या पुढे, हातवाऱ्यांसकट. मी मनात म्हटलं, किती हुशार आहेत! मग कळलं की त्याच वर्षात चार वेगवेगळ्या पाहुण्यांनी त्यांना हेच गाणं शिकवून झालं होतं. पाठ्यपुस्तक मात्र जिथल्या तिथे. आणि माझ्या तासाला त्यांचे सर बाहेर उन्हात बसलेले असायचे. कामचुकार नव्हते ते. पाहुणी शिकवते आहे तर आपण मधे कशाला, हा तिथला संकोच. पाहुणी चार आठवड्यांनी जायची, पुढची यायची, आणि वर्षातले कितीतरी तास असे पाहुणचारातच जायचे.

दुसऱ्या खेपेला मी वर्ग मागितलाच नाही. सरांना म्हटलं, मी तुमच्या तासाला मागे बसते. तीन दिवस ते अवघडलेले. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर आपणहून म्हणाले, आठवीची भूमिती मला स्वतःला नीट येत नाही, मी इंग्रजीचा माणूस, गणिताला कुणी नाही म्हणून घेतो. तिथून आमचं काम सुरू झालं. रोज दुपारी एक तास, तो आणि मी, मधे पुस्तक. सकाळी वर्गात तोच शिकवायचा.

त्यातली एक गोष्ट तुला उचलता येईल. सुतळीचा लांब तुकडा घेऊन त्याला सारख्या अंतरावर बारा गाठी मारायच्या आणि टोकं जोडायची. तिघांनी मिळून ती अशी ताणायची की एका बाजूला तीन भाग, दुसरीला चार, तिसरीला पाच. काटकोन तयार. गवंडी हे पिढ्यान्‌पिढ्या करतात. पुस्तकात त्याला पायथागोरस म्हणतात, आणि पोरांना ती दोन वेगवेगळी माणसं वाटतात. सर आठवीचा वर्ग घेऊन पाया आखलेल्या एका घरावर गेले. एका मुलीने कोपऱ्याच्या खुंटीशी दोरी धरली, दोघांनी ताणली. एक कोपरा बसेना. चार बोटं बाहेर. डकर्मी आधी चिडला, मग त्या मुलीच्या हातून दोरी घेऊन त्याने स्वतः ताणून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि काही न बोलता खुंटी उपटून चार बोटं आत ठोकली. पोरांनी एकच गिल्ला केला. मी लांब आंब्याखाली बसून होते, आणि मला तिथे काहीच काम नव्हतं. 2018 ला परत गेले तेव्हा ती दोरी सरांच्या टेबलाच्या खणात होती, गाठी मळून काळ्या झालेल्या.

बांधकामातही मी शेवटी असंच काहीतरी शोधलं. सरकारने नमुना घरांचे जे नकाशे दिले होते ते मिलिमीटरमध्ये, आणि आमचे डकर्मी मोजायचे फुटांत नि हातांत. भूकंपानंतर बायकाही गवंडीकाम शिकायला लागल्या होत्या; घरचे पुरुष आखातात किंवा मलेशियाला, मग घर बांधणार कोण? त्यातल्या काहींना नकाशा उलटा की सुलटा हेही कळायचं नाही, आणि विचारायला लाज वाटायची. तिसऱ्या आणि चौथ्या खेपेला मी रोज संध्याकाळी चार-पाच जणींना घेऊन बसायचे. 450 म्हणजे दीड फूट, इथे आरपार दगड, इथे पट्टा. त्यांना माझी थापी नको होती, हे हवं होतं. दगड मी एकही रचला नाही. घमेली वाहिली, पाणी आणलं, दगड निवडून दिले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने तेवढं केलं तरी कंबर बोलते.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जा, पण या बेताने नको. मुलांना शिकवायला जाण्यापेक्षा त्यांच्या शिक्षकाच्या शेजारी बसायला जा. घर बांधायला जाण्यापेक्षा बांधणाऱ्याच्या हाताखाली जा, आणि पैसे द्यायचे असतील तर डकर्मीच्या रोजात दे. चार आठवडे एका गावाला एकदाच देण्यापेक्षा दोन-दोन आठवडे त्याच गावात लागोपाठ दोन वर्षं गेलीस तर बरं. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाशी लोक खरं बोलतात.

संस्थेला विचारायचं ते स्पष्ट विचार. घर कुणाचं, ते कुटुंब कुणी निवडलं, जागेचा कागद कुणाच्या नावावर, काम कुणाच्या देखरेखीखाली, आणि स्वयंसेवक नसतात तेव्हा काम चालू असतं की थांबतं. थांबत असेल तर ते घर तुमच्यासाठी चाललं आहे, त्या कुटुंबासाठी नाही. शाळेचं: कुठली इयत्ता, कुठला धडा, सर कोण, आणि माझ्या आधी आलेल्याने कुठपर्यंत आणलं. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं तर संस्था बरी आहे असं समज. आणि ते तुझ्याकडे पोलिसांचा दाखला मागतात का ते बघ. पासपोर्ट सेवेतून तो काढता येतो. पोरांच्या वर्गात कुणालाही पैसे भरून जाऊ देणारे लोक मला चालत नाहीत, मग ती मी का असेना.

अनाथालयात शिकवायला सांगितलं तर सरळ नाही म्हण. कंबोडियात 2011 सालच्या पाहणीत अशा ठिकाणच्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा बाप हयात निघाले. पाहुणे येतात, पैसे येतात, म्हणून मुलं भरली जातात. नेपाळातही डोंगरातल्या गावांतून 'शिकायला नेतो' सांगून पोरं काठमांडूला आणल्याचे प्रकार झाले आहेत. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीचा कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली.

तयारी इथेच कर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मजुरांच्या ठिय्यावरून येणाऱ्या एखाद्या मिस्त्रीला गाठ, त्याला सांग की मला पैसे नकोत, आठ दिवस हाताखाली घे. नवतप्यात नको, मरशील. सुट्टी लागल्या लागल्या जा. ओळंबा धरायला, पाणसळ बघायला, मसाला कालवायला आणि मुख्य म्हणजे 'ए बाई, सरक' ऐकून घ्यायला शीक. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला मे महिन्यात श्रमसंस्काराचं शिबिर असतं, तेही करून बघ. आणि शिकवायचं म्हणशील तर धारणीकडे जा, कोरकू बोलणाऱ्या पहिलीतल्या पोरांसमोर एक आठवडा उभी राहा. तुझं मराठी त्यांना कळत नाही आणि त्यांचं तुला. जाजरकोटला पहिल्या दिवशी जे होणार आहे ते तुला तिथेच, एसटीच्या भाड्यात कळेल.

कागदांचं पटकन सांगते. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेव; आधार कार्डावर तुझ्या वयाच्या माणसाला विमानात बसू देत नाहीत. जमिनीवरून जायचं तर लखनौ, तिथून रुपईडिहा, पलीकडे नेपाळगंज, मग सुर्खेत. पावसाळ्यात हा रस्ता धरू नको, दरडी कोसळतात. मोठ्या भारतीय नोटांच्या भरवशावर राहू नको. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे कर. पुढेमागे दुसऱ्या देशात जायचं झालं तर स्वयंसेवेला टुरिस्ट व्हिसा चालतो का हे त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी घे. 'आमचे सगळे असेच जातात' हे उत्तर नव्हे. केनिया, युगांडासारख्या ठिकाणी जायचं तर यलो फीवरची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती एकदा घेतली की जन्मभर चालते, पण ते पिवळं कार्ड हरवलं तर परत येताना आपल्याच देशात विलग ठेवतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. कुत्री फार आहेत, रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचार. बूट इथेच महिनाभर घालून मळव. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर आहे आणि आपले पाय सपाटीचे. शाळा 'इथेच आहे, पाच मिनिटं' म्हणतात तेव्हा ती समोरच्या डोंगराच्या पाठीवर असते. ढिँडो (पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) दिला तर चावू नको, गिळायचा असतो.

राहिली तारीख. संस्थेला आजच विचार, की छठ उलटून शाळा भरल्यावर, मार्गशीर्षात आले तर चालेल का. थंडी असेल, दोन स्वेटर जास्त घे. ते 'सुट्टीतच या, तेव्हा गट भरलेला असतो' म्हणाले तर मला कळव. गोरख्याच्या त्या सरांशी माझं अजून बोलणं असतं; आठवीला अजूनही गणिताचं कुणी नाही.